ई-५७: जर्मन छपरांवरचा भोंगा आणि आर नदीची रात्र

जर्मनीतल्या जुन्या गावात शाळेच्या, नगरपालिकेच्या किंवा अग्निशमन केंद्राच्या छपराकडे नीट बघितलं तर बऱ्याच ठिकाणी धुराड्याशेजारी एक खांब आणि त्याच्यावर उघड्या छत्रीसारखी राखाडी टोपी दिसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हवा खेळायला लावलेलं काहीतरी असेल. तो खरं तर सायरन आहे, नाव ई-५७, म्हणजे १९५७ सालचा एकसमान नमुन्याचा सायरन, आणि त्यातले बरेच आजही वाजतात.

७ मे २०२५ ला आपल्याकडे देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, मुंबईतही भोंगे वाजले, आणि त्यानंतर कितीतरी जणांना पहिल्यांदाच प्रश्न पडला की हे भोंगे नेमके चालतात कसे, लाईट गेली तर काय, किती लांब ऐकू जातात. या तिन्ही प्रश्नांवर जर्मनीत साठ-सत्तर वर्षं काम झालंय आणि एका भयंकर रात्री त्याची परीक्षाही झाली. म्हणून हे एकच प्रकरण जरा तपशिलात घेऊ: ई-५७ चं डिझाइन कुठल्या गृहीतकावर उभं होतं आणि जुलै २०२१ च्या पुरात आर नदीच्या खोऱ्यात ते गृहीतक कसं उलटं झालं.

आधी यंत्र

आत बघायला गेलं तर सामान फारच थोडं आहे. एक थ्री फेज मोटर, उभा शाफ्ट, शाफ्टवर पंख्यासारखा रोटर ज्याच्या कडेला खिडक्या कापलेल्या, आणि त्याच्याभोवती तसल्याच खिडक्यांचं एक स्थिर कडं, ते स्टेटर. रोटर फिरायला लागला की मधून हवा ओढतो आणि बाहेर फेकतो. पण बाहेर जायला वाट फक्त खिडक्यांतूनच, आणि रोटरची खिडकी स्टेटरच्या खिडकीसमोर आली की हवेचा झोत सुटतो, पुढे सरकली की झोत तुटतो. सेकंदाला शेकडो वेळा हवा अशी कापली जाते तोच आवाज. लाऊडस्पीकर नाही, पडदा नाही, ॲम्प्लिफायर नाही. ही कल्पना ई-५७ च्या कितीतरी आधीची, १८१९ मध्ये फ्रान्सच्या कान्यार द ला तूर यांनी भोकाच्या तबकडीवर करून दाखवलेली, आणि पुढे जर्मनीत झेबेक आणि हेल्महोल्त्झ यांनी सायरन वापरून ध्वनिशास्त्राचे महत्त्वाचे प्रयोग केले. म्हणजे प्रयोगशाळेतलं उपकरण शंभर-दीडशे वर्षांनी छपरावर चढलं.

आता गंमतीचा भाग म्हणजे या सायरनचा सूर कोण ठरवतं. ई-५७ चा सूर साधारण ४२० हर्ट्झ. दोन पोलची इंडक्शन मोटर ५० हर्ट्झच्या सप्लायवर जास्तीत जास्त ३००० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या जवळ जाऊ शकते, पण लोड आला की थोडी मागे पडते, ज्याला इलेक्ट्रिकलवाले स्लिप म्हणतात, आणि २८०० च्या आसपास स्थिरावते. आता २८०० ला ६० ने भागा आणि ९ खिडक्यांनी गुणा, बरोबर ४२० येतात. म्हणजे सूर लावायला ट्यूनिंग नाही, क्रिस्टल नाही, कसलंही इलेक्ट्रॉनिक सर्किट नाही, सूर थेट वीज मंडळाच्या पॉवर हाऊसमधून येतो. उत्तरेच्या किनाऱ्यावरचं गाव असो की आल्प्सच्या पायथ्याचं, एकाच नमुन्याचे हजारो सायरन एकाच सुरात वाजतात कारण सगळे एकाच ग्रिडला बांधलेले. हीच मोटर आपल्याकडे लावली तरी तोच सूर येईल कारण आपलाही सप्लाय ५० हर्ट्झच आहे, अमेरिकेत मात्र ६० हर्ट्झ, तिथे सूर पाचव्या हिश्श्याने चढेल.

मला हे डिझाइन मनापासून आवडतं ते याच जागेसाठी. जे काम करायला दुसरा कोणी सर्किट बसवेल ते काम त्यांनी ग्रिडवर सोपवलं आणि छपरावर बिघडण्यासारखं जवळपास काही ठेवलंच नाही. बेअरिंग, वाइंडिंग, गंज, एवढंच बघायचं. वरची टोपी पाऊस आणि बर्फ आत जाऊ देत नाही. तिकडच्या थंडीत हे महत्त्वाचं, कारण रोटर आणि स्टेटरमधली फट जेवढी कमी तेवढी हवा स्वच्छ कापली जाते आणि आवाज जोरात येतो, पण तेवढीच कमी फट बर्फाने किंवा गंजाने धरून बसण्याची भीतीही जास्त.

४२० च का? आपला कान २००० ते ४००० हर्ट्झला सगळ्यात तिखट, मग सूर तिथेच का नाही ठेवला असं कुणालाही वाटेल. पण उंच सूर हवेत लवकर विरतो, झाडी खाऊन टाकते, भिंत आणि बंद खिडकी ओलांडताना तर उरतच नाही. अगदी खालचा सूर लांब जातो पण तो काढायला यंत्र मोठं लागतं आणि ट्रक, ट्रेन, कारखाना यांच्या घरघरीत तो मिसळून जातो. ४२० हर्ट्झची तरंगलांबी साधारण ८० सेंटिमीटर, धुराडी आणि छपराच्या कडा वळसा घालून पलीकडे जायला ती बरी पडते. शिवाय हवा कापून काढलेला आवाज शुद्ध नसतो, त्यात ८४०, १२६० असे वरचे पट भरपूर असतात, त्यामुळे जवळच्या माणसाला तो कर्कश लागतो आणि लांबच्याला खालचा सूर तरी पोचतो. तडजोड आहे, पण विचार करून केलेली.

अंतराचा हिशोब पण करून टाकू. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. समजा ३० मीटरवर १०० डेसिबल आहे, तर ६० मीटरवर ९४, १२० वर ८८, असं करत साधारण एक किलोमीटरवर ७० उरतात, आणि हे कागदावर, मधे इमारती, टेकडी, उलटा वारा काहीच न धरता. घरात डबल काचेची खिडकी लावून झोपलेल्या माणसापर्यंत त्यातलं किती पोचणार? म्हणूनच एका मोठ्या भोंग्याऐवजी शेकड्याने छोटे भोंगे, दर काही गल्ल्यांनंतर एक, अशी जर्मन पद्धत. पश्चिम जर्मनीत शीतयुद्धाच्या शेवटी ८० हजारांच्या वर सायरन होते त्याचं गणित हे असं.

एक मिनिट जवळून

सिग्नल आला की आधी खाली कपाटातला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच, खट्कन बसतो. मोटर थेट लाईनवर चालू होते, त्या क्षणी नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि छप्पर किंचित थरारतं. पहिला एक-दोन सेकंद आवाज असा नसतोच, नुसती घुर्र, मग रोटर वेग घेतो तसा सूर खालून वर चढत जातो आणि काही सेकंदांत ४२० ला टेकून सपाट होतो. कॉन्टॅक्टर सुटला की आवाज तुटत नाही, जड रोटर स्वतःच्या जोरावर फिरतच राहतो, सूर घरंगळत खाली येतो आणि शेवटी पुन्हा घुर्र होऊन थांबतो.

आता या जडपणाचा वापर बघा. युद्धाच्या धोक्याचा जो चढउताराचा आवाज जगभर लोकांच्या डोक्यात बसलाय तो काढायला वेगळं यंत्र नाही, फक्त मोटर काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, परत चालू, असं मिनिटभर. रोटर पूर्ण थांबायच्या आत परत करंट मिळतो त्यामुळे सूर वर-खाली होत राहतो. आगीचा सिग्नल वेगळा: १२ सेकंद सपाट, १२ सेकंद गॅप, असं तीनदा, म्हणजे बरोबर एक मिनिट. गॅप १२ सेकंदांची का तर रोटरचा आवाज खाली उतरायला वेळ हवा, नाहीतर तीन आवाज वेगळे कळणारच नाहीत. आणि धोका टळला की एक मिनिटभर अखंड सपाट सूर. एक रिले आणि एक टायमिंग, यात सगळी भाषा. वीज किती लागते म्हणाल तर मोटर साधारण ५ किलोवॅटच्या आसपासची, म्हणजे मिनिटभर वाजवायला एक युनिटचा दहावा हिस्सासुद्धा नाही.

यातली आगीची गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. जर्मनीत मोठी शहरं सोडली तर आग विझवायला पगारी माणसं नसतात, गावातलेच सुतार, शिक्षक, शेतकरी स्वेच्छेने अग्निशमन दलात असतात, देशभरात असे जवळपास दहा लाख लोक. त्यांना बोलवायला हाच भोंगा. म्हणजे अणुयुद्धासाठी बसवलेलं यंत्र गावच्या गवताच्या गंजीला आग लागली तरी वाजत होतं, आणि कित्येक गावांत शनिवारी दुपारी टेस्ट म्हणूनही वाजत होतं. त्यामुळे बेअरिंग धरलं तर लगेच कळायचं, फ्यूज उडाला तर कुणीतरी बदलायचं. नुसत्या युद्धासाठी ठेवलेला भोंगा वीस वर्षांनी पहिल्यांदा वाजवायला गेलं तर वाजेलच याची खात्री कोण देणार? रोजच्या कामाला जोडून ठेवणं हा या सगळ्या रचनेतला सगळ्यात शहाणा निर्णय होता असं माझं मत आहे, आणि तो कुठल्याही ड्रॉइंगवर दिसत नाही.

गृहीतक

१९५७ चा काळ डोळ्यासमोर आणा. महायुद्ध संपून बाराच वर्षं झालेली, जर्मन शहरांनी विमानहल्ल्यांचे भोंगे रात्रंदिवस ऐकलेले, आणि आता देश दोन तुकड्यांत, मधे सीमा, दोन्ही गटांकडे अण्वस्त्रं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीने नागरिकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा केला. पुढे देशभरात दहा वॉर्निंग ऑफिसं उभी राहिली, हवाई दलाच्या रडारकडून खबर आली की तिथून टेलिफोन खात्याच्या लाइनींवरून त्या भागातले सगळे सायरन एकदम वाजवता येत होते. वर्षातून दोनदा देशभर चाचणी व्हायची. पूर्व जर्मनीचे सायरन वेगळ्या नमुन्याचे होते, त्यात इथे शिरत नाही.

या रचनेचा क्रम असा: आधी खबर, मग भोंगा, मग लोक तळघरात, आणि मग बॉम्ब. भोंगा वाजतो त्या क्षणी वीज असणारच, कारण अजून काही पडलेलंच नाही. बॉम्ब पडल्यावर ग्रिड गेली तरी भोंग्याचं मुख्य काम झालेलं असेल. म्हणून बॅटरी नाही, जनरेटर नाही. १९५७ च्या इंजिनिअरला यात दोष देता येत नाही, त्याला जो धोका दिला होता त्याला हे उत्तर नीट बसतं.

आणि वीज नसेल तर काय हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता असंही नाही. त्याच पश्चिम जर्मनीत एचएलएस नावाचे हाय पॉवर सायरन होते, उंच खांबावर कर्णे, खाली डिझेल इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर, टाकीत दाबलेली हवा. ग्रिड असो नसो ते वाजायचे, आणि आवाज ई-५७ पेक्षा कितीतरी लांब जायचा. पण एकेकाचा खर्च मोठा, देखभाल मोठी, त्यामुळे ते मोजक्याच जागी लागले. गावोगाव छपरांवर स्वस्त आणि साधा ई-५७ च राहिला. म्हणजे पर्याय टेबलावर होता, किंमत बघून बाजूला ठेवला गेला, आणि समोर युद्धच आहे असं धरलं तर तो निर्णय पटतोही.

मग १९८९-९० आलं, बर्लिनची भिंत पडली, धोका संपला असं सगळ्यांना वाटलं. केंद्र सरकारने सायरनचं जाळं सोडून दिलं, वॉर्निंग ऑफिसं बंद केली, आणि गावांना सांगितलं की हवे असतील तर छपरावरचे भोंगे तुम्ही घ्या, देखभाल तुमची. ज्या गावांना अग्निशमन दलासाठी हवे होते त्यांनी ठेवले. बाकीच्यांनी उतरवले, कारण तोवर दलाच्या माणसांकडे पेजर आले होते आणि रात्री दोनला अख्खं गाव उठवण्यापेक्षा ते बरं वाटायचं, शिवाय छप्पर दुरुस्तीला आलं की तो खांब आधी अडचण व्हायचा. बर्लिनने सगळेच काढून टाकले. हॅम्बुर्गने ठेवले कारण तिथे समुद्राचं उधाण एल्बे नदीतून थेट शहरात येतं, १९६२ च्या पुराची आठवण त्या शहरात अजून ताजी आहे. एकूण आकडा निम्म्याच्याही खाली आला.

पहिला इशारा २०२० मध्ये मिळाला होता. १० सप्टेंबरला सकाळी ११ वाजता, जर्मनी एक झाल्यानंतर पहिल्यांदाच, देशभर वॉर्निंग डे ठेवला होता. सगळा भर मोबाइल ॲपवर. ॲपवरचा मेसेज साधारण अर्ध्या तासाने आला, कारण केंद्राबरोबर ठिकठिकाणच्या कंट्रोल रूम्सनी एकाच वेळी इशारे सोडले आणि सिस्टिम तुंबली. भोंगे जिथे होते तिथे वाजले, पण कितीतरी शहरांत लोक खिडकी उघडून वाट बघत राहिले आणि काहीच ऐकू आलं नाही कारण वाजायला भोंगाच उरलेला नव्हता. गृहखात्याने चाचणी फसली असं जाहीर केलं, बॉनच्या नागरी संरक्षण कार्यालयाचे प्रमुख क्रिस्टोफ उंगर यांना जावं लागलं. पुढच्या वर्षीचा वॉर्निंग डे रद्दच झाला, आणि त्याआधीच जुलै उजाडला.

१४ जुलै २०२१

आर ही छोटी नदी, लांबी ८५ किलोमीटरच्या आसपास, आयफेलच्या डोंगरातून निघते, द्राक्षमळ्यांच्या अरुंद खोऱ्यातून वळणं घेत झिंत्सिगजवळ ऱ्हाइनला मिळते. एरवी उन्हाळ्यात पायाने ओलांडता येईल अशी. १८०४ आणि १९१० मध्ये तिने भयंकर पूर आणले होते पण ते कुणाच्या जिवंत आठवणीत नव्हतं. लोकांना आठवत होता २०१६ चा, तेव्हा आल्टेनआर गावच्या पाणी मापकावर ३.७१ मीटर पाणी चढलं होतं आणि तेच सगळ्यांच्या डोक्यात कमाल होतं.

१४ जुलैच्या संध्याकाळी पौणेनऊच्या सुमारास त्याच मापकाने ५.७५ मीटर दाखवले आणि तो पुरात गेला. त्यानंतर आकडाच नाही. पुढे अभ्यासकांनी खुणांवरून अंदाज काढला तो १० मीटरच्या घरात. जिल्ह्याने आपत्तीची सगळ्यात वरची पातळी जाहीर केली ती रात्री ११ वाजून ९ मिनिटांनी. तोवर शुल्डसारखी वरच्या अंगाची गावं उद्ध्वस्त झाली होती. खालच्या अंगाला झिंत्सिगमध्ये अपंग व्यक्तींच्या एका निवासात मध्यरात्रीनंतर पाणी शिरलं आणि १२ जण बुडाले. आर खोऱ्यात एकूण १३० हून जास्त माणसं गेली.

आता भोंग्यांचं काय झालं ते बघू. काही गावांत भोंगा होताच कुठे, आधीच उतरवलेला. काही ठिकाणी होता पण खोऱ्यात वीज जात होती, ट्रान्सफॉर्मर, केबल सगळं नदीकाठी, आणि वीज गेली की ई-५७ म्हणजे छपरावरचा मुका खांब. मोबाइल टॉवरही त्याच विजेवर, त्यामुळे ॲपही गप्प. अग्निशमन दलाची माणसं गाडीवर लाऊडस्पीकर लावून फिरली, पण गाडी जाईल असा रस्ता उरला तोपर्यंतच. आणि जिथे भोंगा वाजला तिथेही लोकांना वाटलं कुठेतरी आग लागली असेल, दलाला बोलवत असतील. घरात बसून राहिले, काहीजण तर गाडी वर काढायला किंवा वाचवायचं सामान आणायला तळघरात उतरले. तीस वर्षं तो आवाज फक्त आगीसाठी ऐकलेला, तर दुसरं काय वाटणार.

म्हणजे १९५७ चा क्रम पूर्ण उलटा झाला. तिथे भोंगा आधी आणि नुकसान नंतर होतं. इथे नुकसान वरच्या गावात सुरू झालं, त्याने वीज घालवली, आणि ज्यांना अजून सांगायचं होतं ते खालच्या गावांत होते. पूर एका क्षणी पडत नाही, तो चालत येतो, आणि येता येता वाटेतली तारच तोडतो. ज्या रचनेत सूर, ताकद, सगळंच ग्रिडकडून उसनं घेतलंय ती रचना अशा धोक्यासमोर टिकू शकत नाही, कितीही चांगली बनवलेली असली तरी.

पण सगळा दोष यंत्रावर टाकला तर प्रकरण अर्धवट राहील. आल्टेनआरहून झिंत्सिगला पाणी पोचायला तास होते, मिनिटं नव्हती. पौणेनऊला मापकाने जुन्या कमालीच्या दोन मीटर वरचा आकडा दाखवला होता. त्या वेळी खालच्या गावांत बऱ्याच भागात वीज अजून होती आणि एक मिनिटभर वर-खाली होणारा सूर पुरेसा ठरला असता, अर्थात त्या सुराचा अर्थ लोकांना माहीत असता तर. कॉन्टॅक्टरला जो सिग्नल जातो तो कुणीतरी माणूस द्यावा लागतो, आणि तो वेळेत दिला गेला नाही. बॅटरीवाला सायरन असता तरी ११ वाजून ९ मिनिटांच्या आदेशाने शुल्डला काहीच उपयोग नव्हता.

पुढे काय केलं

पुरानंतर जर्मनीने दिशा बदलली. केंद्राने सायरनसाठी खास निधी काढला, सुमारे ९ कोटी युरो, गावांना नवे बसवायला आणि जुने सुधारायला. बर्लिनने परत भोंगे लावायला घेतले. मोबाइलवर सेल ब्रॉडकास्ट सुरू झालं, म्हणजे ॲप नसलं तरी त्या टॉवरखालच्या प्रत्येक चालू फोनवर इशारा आपोआप, ८ डिसेंबर २०२२ च्या वॉर्निंग डे ला त्याची पहिली देशव्यापी चाचणी झाली आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून ते रोजच्या वापरात आलं. आता दर सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी ११ वाजता सगळं एकत्र वाजवून बघतात: एक मिनिट वर-खाली होणारा सूर म्हणजे धोका, एक मिनिट सपाट म्हणजे संपलं. राज्याराज्यांत अर्थ वेगळे होते ते एकसारखे करणं हे माझ्या मते पैशापेक्षा महत्त्वाचं काम होतं.

नवे बसतात ते बहुतेक इलेक्ट्रॉनिक. कर्णे, ॲम्प्लिफायर, आणि बॅटरी जी वीज गेल्यावरही काही दिवस तयार राहते. सूर लगेच लागतो, रोटर वेग घेईपर्यंत थांबायला नको. आणि ते बोलू शकतात, "पूर येतोय, उंचावर जा" असं सरळ सांगू शकतात, जे ई-५७ कधीच करू शकत नाही. आरच्या रात्री भोंगा ऐकून तळघरात उतरलेल्या माणसासाठी हा फरक जीवनमरणाचा होता.

मग जुने सगळे काढून टाकायचे का? इथे मी सरसकट हो म्हणणार नाही. बॅटरीवाल्या सायरनची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, ॲम्प्लिफायरचे पार्ट पंधरा-वीस वर्षांनी मिळतील का याची हमी नाही, आणि गावाच्या बजेटमध्ये ती रक्कम दरवेळी मंजूर व्हावी लागते. ई-५७ ला ग्रीस आणि रंग मिळाला की साठ वर्षं चालल्याचं सगळ्यांसमोर आहे. डोंगरावरच्या किंवा मैदानातल्या गावात, जिथे मुख्य धोका कारखान्याचा धूर, रासायनिक गळती किंवा मोठी आग हा आहे, तिथे भोंगा वाजवायच्या क्षणी वीज असतेच, तिथे १९५७ चं गृहीतक आजही बरोबर आहे. तिथे फक्त सिग्नल घेणारं कपाट नवं केलं तरी पुरे. अरुंद खोऱ्यातल्या नदीकाठच्या गावात मात्र बॅटरीशिवाय भोंगा ठेवूच नये, आणि जुन्या मोटरलाच बॅटरी जोडायचा विचार असेल तर आधी सुरुवातीच्या त्या पाच-सहा पट करंटचा हिशोब करावा, कारण तेवढा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक सायरन स्वस्त पडण्याची शक्यता जास्त.

आणि जागेचा प्रश्न. जुने भोंगे बहुतेक गावाच्या मध्यभागी, शाळा-नगरपालिकेवर, कारण तिथून आवाज चारी बाजूंना सारखा जातो. जर्मन खोऱ्यांत गावाचा मध्यभाग म्हणजे बहुतेक वेळा नदीकाठच. भोंगा छपरावर कोरडा राहतो पण त्याचं कपाट, फ्यूज आणि मीटर खाली तळघरात असेल तर पाणी आधी तिथे पोचतं. नवीन सायरन घेताना बॅटरी किती तासांची हे सगळे विचारतात, ती कितव्या मजल्यावर बसवणार हेही टेंडरमध्ये लिहून घ्यायला हवं.